मशीद स्टेशनवर उतरा

मध्यंतरी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी रविवारच्या हेरिटेज वॉकची जाहिरात टाकली. ‘ज्यूंची मुंबई’, सकाळी साडेसात, जमण्याचं ठिकाण काळा घोडा. पहिला शेरा दहा मिनिटांत आला: गाझात लहान मुलं मरतायत आणि तुम्हाला सिनेगॉग बघायला जायचं सुचतं? त्यावर दुसऱ्याने, जगात ज्यूंचा छळ न झालेला आपला एकमेव देश, याचा अभिमान बाळगायला लाज कसली, असं ठणकावलं. तिसऱ्याचं म्हणणं, ही इंग्रजी बोलणाऱ्या रिकामटेकड्यांची हौस आहे, आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा मग वारसा बघा. संध्याकाळपर्यंत दोनेकशे संदेश झाले. तेल अवीव आलं, हमास आला, हिटलर तर येतोच. मुंबईतल्या एकाही गल्लीचं नाव मात्र कुणाच्या बोटांवर आलं नाही. ज्या विषयावर भांडण चाललं होतं तो विषय मशीद बंदरपासून सात रस्त्यापर्यंत पसरलेला आहे, चालत जाता येईल इतका जवळ आहे, आणि त्यातला मोठा भाग मराठीत आहे. हे भांडणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुंबईचा ज्यू इतिहास पायी फिरून पाहायलाच हवा, पण आज ज्या वाटेने आणि ज्या भाषेत तो दाखवतात ती वाट अपुरी आहे. ही फेरी मांडवीत सुरू व्हायला हवी आणि मराठीत व्हायला हवी. कारण हा इतिहास कुणा परक्या पाहुण्यांचा नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या एका समाजाचा आहे. तो पाहायला जाणं म्हणजे इस्रायलच्या सरकारला मत देणं नव्हे, आणि आपल्या सहिष्णुतेचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगणंही नव्हे.

त्या वॉकला मी पूर्वी एकदा गेलो आहे, त्यामुळे नुसतं ऐकून बोलत नाही. वाटाड्या हुशार होता, माहिती बरीचशी बरोबर होती. डेव्हिड ससून लायब्ररीची १८७० सालची दगडी इमारत. फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (म्हणजे ज्यूंचं प्रार्थनालय), जे जेकब ससूनने वडील एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ साली बांधलं आणि २०१९ साली जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुलं झालं. कुलाब्याची १८७५ सालची ससून गोदी. आणि अर्थात तो घोडा. घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा हा पुतळा १८७९ साली आल्बर्ट ससूनच्या पैशाने उभा राहिला, १९६५ साली तिथून हलला आणि आता राणीच्या बागेत आहे. चौकाचं नाव त्याच्यामागे राहिलं, आणि २०१७ साली स्वार नसलेला नवा घोडाही आला. मग एका उपाहारगृहात कॉफी, आणि सगळे आपापल्या घरी. यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण ही सगळी बगदादी ज्यूंची गोष्ट आहे, आणि त्यातही एका घराण्याची. डेव्हिड ससून १८३०च्या दशकात बगदादहून जीव वाचवून मुंबईत आले. त्यांची माणसं घरात अरबी बोलत, पुढच्या पिढ्या इंग्रजी बोलू लागल्या आणि लंडनला गेल्या. हा काळ जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. संख्येने त्यांच्या कितीतरी पट असलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू, त्या आधीपासून मुंबईत होते. ते मांडवी, डोंगरी, उमरखाडी, आग्रीपाडा इथे राहत आणि मराठी बोलत. तिथे फेरी जात नाही. तिथे कमानी कमी आहेत, हातगाड्या जास्त आहेत आणि कॉफी मिळत नाही.

म्हणून म्हणतो, मशीद स्टेशनवर उतरा. हार्बर लाइनवर रोज लाखो लोक हे नाव ऐकतात आणि जवळपास एखादी जुनी मशीद असेल असं गृहीत धरतात. मशिदी आहेतच. पण स्टेशनचं नाव ज्या ‘जुन्या मशिदी’वरून आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, ती मशीद म्हणजे शार हरहमीम, दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. घरच्या बोलीत ते समाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेत ते मोठ्या हुद्द्यावर होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, तेव्हा ‘बनी इस्राईल’ हे कुराणात आलेलं नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना वाचवलं, आणि सुटलो तर प्रार्थनालय बांधेन हा नवस दिवेकरांनी फेडला, अशी समाजातली परंपरा. नवस, कैद आणि सुटका! या कथेतून सिनेगॉग काढून तिथे देऊळ घातलं तर कोकणातल्या कुठल्याही घराण्याच्या कुलवृत्तांतात ती बसेल. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. सिनेगॉग १८६० साली आताच्या जागी, मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवर आलं. रस्त्याचं नाव याच दिवेकरांचं, असं सांगतात.

शब्दाकडे जरा थांबून पाहा. बेने इस्रायली आपल्या प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणत. पुण्याला कॅम्पात ससूनने १८६०च्या दशकात लाल विटांचं ओहेल डेव्हिड बांधलं, त्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, आजही रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं. एकाच धर्माची दोन प्रार्थनास्थळं. मुंबईत एक मशीद झालं, पुण्यात एक देऊळ. भाषेजवळ या गोष्टीसाठी शब्द नव्हता, तर तिने आपल्याकडचे दोन शब्द उसने दिले आणि त्यावर कुणी दंगल केली नाही. इंग्रजीतून चालणाऱ्या फेरीत हे कळणार कसं? तिथे दोन्ही ठिकाणी ‘सिनेगॉग’च म्हणतात.

मराठीतून पाहिलं की बाकीचंही उलगडत जातं. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. धर्मग्रंथ विसरले, हिब्रू विसरले, शनिवार विसरले नाहीत. आडनावं गावांची: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, आवासकर, तळकर, नवगावकर, राजपूरकर. सण मराठी नावांचे: वर्षारंभाचा नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दारफळणीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं सुतक पाळायचा तो बिरड्याचा सण. मंदिर पडलं जेरुसलेमला आणि त्याची आठवण कोकणात वालाच्या बिरड्यात राहिली. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मग नारळाचं दूध आहेच. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, ओलं खोबरं आणि फळांचा मलिदा. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं; म्हणजे या लोकांना आपली धर्मभाषा आपल्या मायबोलीतून शिकावी लागली. १८८०च्या सुमारास तर या समाजाने चक्क कीर्तन उचललं. साकी, दिंडी, ओवी यांत अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं रंगू लागली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाला वाचायची ‘हागादा’ ही पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली, तिच्या चित्रात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका नेसल्या आहेत साडी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यांत बोचरा गाझाचा. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या मनात त्या बातम्यांनी घर केलंय, त्यांना मांडवीजवळच्या जुन्या वस्तीचं ‘इस्रायल मोहल्ला’ हे नाव ऐकून आतून काही टोचत असेल तर ते समजण्यासारखं आहे. शिवाय काही हौशी मंडळी अशा फेरीचा वापर खरोखरच झेंडा मिरवायला करतात, हेही पाहिलंय. पण साधा हिशेब करा. मांडवीचं सिनेगॉग १७९६चं, इस्रायलचं राज्य १९४८चं. मधली १५२ वर्षं या लोकांनी आपल्याला बेने इस्रायल, इस्राएलची लेकरं, म्हणवून घेतलं, ते कुठल्या परराष्ट्र खात्याला विचारून? आणि पुढचा भाग तर दोन्ही बाजूंच्या गावीही नसतो. हे लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथे त्यांचं स्वागत पायघड्या घालून झालं नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी तिथल्या वागणुकीला कंटाळून आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं. १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने यांच्या ज्यू असण्यावरच शंका काढली, लग्नाआधी पूर्वजांचा तपास लावण्याचा फतवा काढला. तो अपमान पुसून घ्यायला त्यांना १९६४पर्यंत आंदोलन करावं लागलं. ज्यांना त्या राज्यानेच ‘तुम्ही आमचे का?’ असं विचारलं, त्यांच्या पणजोबांच्या प्रार्थनालयाला आपण त्या राज्याची शाखा ठरवायची? तसं करणारा माणूस, मग तो निषेध करणारा असो की जयजयकार करणारा, एकच चूक करतो. भायखळ्याच्या मुस्लिमांना पाकिस्तानचा हिशेब विचारणाऱ्याची चूक याहून वेगळी असते का?

भायखळ्याचा विषय निघालाच आहे. तिथलं मागेन डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात बांधलं. त्याच्या आवारात ससूनांच्या नावाची शाळा आहे आणि आज तिच्यात शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम आहेत. यावर कुणी फलक लावलेला नाही, भाषण केलेलं नाही. फीचा आणि अंतराचा हिशेब बघून आईबापांनी मुलं घातली, झालं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन्ही पक्षांना ही शाळा दाखवावी असं मला फार वाटतं.

दुसऱ्या पक्षाचं, म्हणजे सहिष्णुतावाल्यांचं, म्हणणं मुळात खरं आहे. इथल्या राजांनी, शेजाऱ्यांनी ज्यूंचा धर्मापायी छळ केला नाही. युरोपच्या इतिहासाशेजारी ठेवलं तर ही लहान गोष्ट नाही. १९३४ साली प्रागहून मुंबईत आलेला वॉल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार युरोपात राहिला असता तर बहुधा छळछावणीत गेला असता. इथे त्याने आकाशवाणीची ती सुप्रसिद्ध सुरावट दिली, जिच्यावर आपल्या आजोबांनी घड्याळं लावली. मग हरकत कशाला? अशासाठी की हे वाक्य नेहमी इतिहासाला पूर्णविराम देण्यासाठी वापरलं जातं. एकदा ‘आम्ही छळ केला नाही’ म्हटलं की पुढे त्या लोकांविषयी काही जाणून घ्यायची गरज उरत नाही. सगळी गोष्ट त्यांच्याबद्दल न राहता आपल्या मोठेपणाची होते. आणि ‘आपला देश’ म्हणताना त्यात गोवा येत नाही का? मुंबईच्या टाउन हॉलच्या मागे, जिथे आता नौदलाचा तळ आहे आणि आपल्याला आत जाता येत नाही, तिथे सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ताचं घर होतं. पोर्तुगीज वैद्य, वरून ख्रिस्ती, घराणं ज्यू. मुंबईचं बेट त्याला खंडाने मिळालेलं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ साली तो वारला म्हणून वाचला म्हणायचा. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालंच होतं, त्याने १५६९ साली ओर्ताच्या बहिणीला, कॅटरिनाला, जिवंत जाळलं आणि १५८० साली ओर्ताची हाडं उकरून जाळली. जाळणारे पोर्तुगीज होते, मान्य. पण मुंबईच्या ज्यू इतिहासाचं पहिलं पान हे आहे, आणि ते वगळून ‘कधीच नाही’ म्हणायचं तर बरंच काही गिळावं लागतं.

घरातलंही गिळावं लागतं. बगदादी मंडळींनी बेने इस्रायलींना बरोबरीचं मानलं नाही. प्रार्थनेला दहा पुरुषांचा कोरम, मिन्यान, लागतो. त्या दहांत बेने इस्रायली माणूस धरायला अनेक बगदादी तयार नसत. दफनभूमीत आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या असा अर्ज त्यांनी १८३०च्या दशकात सरकारला केला. आणि खुद्द बेने इस्रायलींत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते, रोटीबेटी नव्हती. जात नावाची वस्तू इतकी चिवट की तिने जहाज फुटून आलेल्यांनाही सोडलं नाही. ज्या फेरीत हे सांगत नाहीत ती इतिहासाची फेरी कसली, ते लग्नातलं नवरा-नवरीच्या घराण्यांचं कौतुक झालं.

तिसरा आक्षेप त्या गटावर आला नव्हता, पण मला तो सगळ्यांत जड वाटतो, कारण तो करणारे बाहेरचे नाहीत, या समाजातलेच आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता देशभरात पाच हजारांच्या आसपास उरला आहे, तोही मुख्यतः मुंबई आणि ठाण्यात. काही सिनेगॉगांत शनिवारी मिन्यानचे दहा जमवताना फोन करावे लागतात. २६ नोव्हेंबर २००८ नंतर तर प्रत्येक दारावर पोलीस आहे. कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात त्या हल्ल्यात तिथले धर्मगुरू गॅव्हरिएल आणि त्यांची पत्नी रिव्का हॉल्ट्झबर्ग यांच्यासह सहा माणसं मारली गेली, हे अशा शहरात जिथे ज्यूंना कधी कुलूप लावून प्रार्थना करावी लागली नव्हती. अशा वेळी अनोळखी पंचवीस-तीस माणसांचा घोळका, गळ्यात कॅमेरे अडकवून, दर रविवारी दारात उभा करायचा? जित्याजागत्या प्रार्थनास्थळाचं संग्रहालय करायचं? एका गृहस्थांनी मला सांगितलं, ‘‘आम्ही अजून गेलो नाही हो, तुम्ही आत्ताच श्राद्धाला येऊ नका.’’ यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

आता आहे, आणि ते कोचीनकडे बघून सुचलं. मट्टांचेरीत १५६८चं ‘परदेशी’ सिनेगॉग, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्यूंचं, उत्तम राखलेलं आहे, पर्यटक रांगा लावतात, आजूबाजूची दुकानं जुन्या वस्तू आणि गरम मसाला विकतात. तिथून चालत थोड्याच अंतरावर कडवुंभागम सिनेगॉग होतं. ते मलबारी ज्यूंचं, परदेशींहून जुन्या आणि गरीब समाजाचं. त्याचं गोदाम झालं आणि २०१९च्या पावसात ते कोसळलं. गर्दी होती ती एका दारात, दुसऱ्या दाराचं नाव कुणाला माहीत नव्हतं. माणसं येतात म्हणून वास्तू मरते ही भीती खरी आहे. पण कुणी येतच नाही म्हणून ती जास्त लवकर मरते. मुंबईत केनेसेथ एलियाहूला देणग्या मिळाल्या, जीर्णोद्धार झाला, फार छान झाला. मांडवीचा, उमरखाडीचा नंबर कधी? जी जागा नकाशावर नसते तिच्यावर विकासकाची नजर आधी जाते आणि शहराची नंतर. म्हणून माझं म्हणणं, आत जायचा हट्ट नकोच. प्रार्थनेची वेळ सोडा, दारावर परवानगी मागा, नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे चला. गल्ली तर आपलीच आहे. शिवाय फेरीचा पैसा काळ्या घोड्याच्या कॉफीत न जाता विश्वस्तांच्या छपरात गेला तर ‘श्राद्ध’ या शब्दाला काही उत्तर देता येईल.

ही श्रीमंतांची हौस आहे, आणि तीही अफूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या इमारतींची, असं म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. ससूनांच्या संपत्तीत चीनला गेलेल्या अफूचा वाटा मोठा आहे. लायब्ररीच्या पायरीवर उभं राहून हे मोठ्याने सांगायला हवं. मात्र मग जमशेटजी जीजीभाईंच्या रुग्णालयासमोरही सांगायला हवं, कारण तोही पैसा चीनच्या व्यापारातला आणि त्यातही अफू होती. एकोणिसाव्या शतकातली अर्धी मुंबई त्या धुरावर तरंगते. एका घराण्याला वेगळं काढून बोट दाखवलं की हेतूबद्दल शंका येते. उरलेल्या अर्ध्या आक्षेपाला मांडवीच उत्तर देते. कारकून, सुतार, फौजेतला हवालदार, रेल्वेतला फिटर, नर्स, शाळामास्तर अशा लोकांचा हा इतिहास आहे. हाईम सॅम्युअल केहीमकरांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. जेरुशा झिराड कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. हजारो मराठी बाया तिथे बाळंत झाल्या. १९१६ साली टिळकांवरच्या खटल्यात जीनांबरोबर बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत डेव्हिड एरुळकर होते. (त्यांचे बंधू डॉ. अब्राहाम एरुळकर गांधीजींच्या उपोषणात त्यांची प्रकृती पाहत. त्या डॉक्टरांची कन्या लीला पुढे सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली. रायगड जिल्हा कुठे कुठे पोचलाय!) यांत कोण तो उच्चभ्रू?

पण मग हे सगळं पुस्तकात वाचलं तर काय बिघडतं, चालायचं कशाला? एक गोष्ट फक्त पायांना कळते म्हणून. मांडवी १७९६. तिथून दहा मिनिटांवर तांतणपुऱ्यातलं शारे रासोन, १८४०च्या सुमाराचं. डोंगरी ओलांडली की उमरखाडीचं एत्झ हाएइम, १८८८. मग भायखळ्यावरून आग्रीपाड्यात मागेन हसीदिम, स्थापना १९०४. पुढे सात रस्त्याला तिफेरेथ इस्रायल, सध्याची इमारत १९२४ची. जसजसे तुम्ही उत्तरेला चालता तसतशी सालं पुढे सरकतात. बंदरावर उतरलेला समाज गिरण्या, रेल्वेचे कारखाने, स्वस्त खोल्या यांच्यामागे कसा वर वर सरकला, ते या क्रमात दिसतं. ठाण्याचं शार हशमायीम १८७९चं, ते हा नियम मोडतं. पण शेवटी समाज बहुसंख्येने तिथेच जाऊन पोचला. आता सांगा, रत्नागिरी-रायगडातून भाऊच्या धक्क्यावर उतरून आधी डोंगरीत, मग लालबाग-भायखळ्यात, मग ठाणे-डोंबिवलीत गेलेल्या तुमच्याआमच्या घराची वाट याहून किती वेगळी आहे? मला ती चालताना माझ्याच आजोबांच्या बदललेल्या पत्त्यांची यादी आठवत होती.

चालण्याचा उलटा धोकाही आहे आणि तो इथेच सांगतो. सात रस्त्याच्या जेकब सर्कलला एका वाटाड्याने मला आत्मविश्वासाने ‘ज्यू नाव’ म्हणून दाखवलं. ते जनरल ले ग्रँड जेकब या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव, ज्यूंशी त्याचा संबंध नाही. आता त्या चौकाला गाडगे महाराजांचं नाव आहे. उलट तिथूनच वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड खरोखर एका बेने इस्रायलीचा: डॉ. एलिजा मोझेस, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. त्या रस्त्यावरून रोज गाड्यांचा पूर वाहतो आणि बहुतेकांना ‘मोझेस’ म्हणजे कुणी गोरा साहेब वाटतो. त्यांचं पूर्ण नाव एलिजा मोझेस राजपूरकर होतं हे पाटीवर असतं तर? दोन इंचांची जागा लागली असती.

पालिकेने, सरकारने काय करावं याची माझी मागणी यापेक्षा फार मोठी नाही. २०१६ साली राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं केलं. आता मशीद स्टेशनबाहेर एक मराठी फलक, सिनेगॉगांच्या गल्ल्यांच्या तोंडाशी साल आणि नाव, आणि वरळीच्या दफनभूमीची नीट निगा. या शेवटच्या जागेसाठी मी सगळ्यांत आग्रही आहे. ई. मोझेस रोडवरच ती आहे. आत दगडांवर हिब्रू आहे, इंग्रजी आहे, आणि मराठीही आहे. इस्रायलमध्ये आज मराठीतून ‘मायबोली’ नावाचं त्रैमासिक निघतं, तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो, त्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. इथल्या दगडांवरची तीच मायबोली मात्र शेवाळाखाली जाते. निस्सीम इझिकेल इंग्रजीत लिहिणारे कवी म्हणून आपण त्यांना तिकडचे समजतो. त्यांची आई मराठी शाळा चालवत होती.

तर जायचं असेल त्यांच्यासाठी: शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. रविवारी सकाळी मांडवीचा घाऊक बाजार बंद असतो, हातगाड्या उलट्या करून ठेवलेल्या असतात आणि सॅम्युअल स्ट्रीटवरून सरळ चालता येतं. आधार कार्ड बरोबर ठेवा, दारावरचा पोलीस मागतो. मशीद स्टेशनच्या बाहेर सिनेगॉग विचारू नका, कुणाला कळणार नाही. ज्यूंची जुनी मशीद कुठे, असं विचारा. मी विचारलं तेव्हा चहावाल्याने किटली न ठेवता हनुवटीने दिशा दाखवली.